चित्राने ओलांडलेला बांध

६ सप्टेंबर २०२३ रोजी गूगल कंपनीकडे एका दोषाची खबर पोहोचली. खबर देणारे दोघे होते : ॲपल कंपनीचा सुरक्षा विभाग आणि कॅनडातील टोरांटो विद्यापीठाची सिटिझन लॅब ही संशोधन संस्था. दुसऱ्याच दिवशी मूळ आज्ञावलीत दुरुस्ती झाली आणि ११ सप्टेंबरला क्रोम या ब्राउझरची नवी आवृत्ती वितरित होऊ लागली. सोबतच्या निवेदनात कंपनीने कबूल केले होते की, या दोषाचा प्रत्यक्ष गैरवापर होत असल्याची माहिती तिला आहे. म्हणजे कुलूप बदलण्यापूर्वीच किल्ली चोराच्या हाती गेलेली होती. १२ तारखेला फायरफॉक्स या दुसऱ्या ब्राउझरनेही तीच दुरुस्ती केली. सीव्हीई-२०२३-४८६३ या क्रमांकाने नोंदला गेलेला हा दोष प्रस्तुत व्याख्यानाचा विषय होय.

हा दोष चित्र दाखविण्याच्या क्रियेत होता, हे ऐकून प्रथम नवल वाटते. वेबपी नावाचा चित्रांचा एक प्रकार गूगलने २०१० मध्ये जाहीर केला. जुन्या प्रकारांपेक्षा तो कमी जागेत मावतो, म्हणून संकेतस्थळांवरील असंख्य चित्रे या प्रकारात ठेवली जातात. दाबून लहान केलेले असे चित्र पडद्यावर उमटण्यापूर्वी ब्राउझरला ते उलगडावे लागते. मुद्दाम बिघडवून रचलेले एखादे चित्र उलगडताना ब्राउझर स्वतःच्या स्मृतीत, जेथे लिहावयास नको तेथे, लिहून बसे. त्यासाठी वापरणाऱ्याने काही उतरवून घ्यावे, कोठे बटण दाबावे किंवा आपला संकेतशब्द कोणास सांगावा, याची गरज नव्हती. पान उघडले आणि चित्र दिसू लागले, एवढे पुरेसे होते.

संगणकाच्या सुरक्षेविषयी कार्यालयांतून व शाळांतून जे सांगितले जाते, त्याचा भर बहुधा सावधगिरीवर असतो. अनोळखी दुव्यावर जाऊ नये, संकेतशब्द कागदावर लिहून ठेवू नये, ओटीपी कोणास देऊ नये, इत्यादी. हा उपदेश खोटा नाही. ठकसेनांपासून तो निश्चित वाचवितो. तथापि या जातीच्या दोषापुढे तो जवळजवळ निरुपयोगी आहे. असे असूनही नुकसान झाले म्हणजे बोट दाखविले जाते ते यंत्रासमोर बसलेल्या लिपिकाकडे किंवा शिक्षकाकडे. चूक नेमकी कोठे झाली होती हे पाहावयाचे, तर संगणकाच्या स्मृतीची, म्हणजे रोजच्या बोलण्यातील मेमरीची, मांडणी थोडी समजून घेतली पाहिजे.

ही स्मृती म्हणजे एक लांबच लांब सपाट शिवार समजावे. त्यातील प्रत्येक तुकड्याला अनुक्रमांक असतो, परंतु दोन तुकड्यांमध्ये बांध घातलेला नसतो. आज्ञावली मागणी करते, ‘मला एवढे तुकडे द्या’, आणि तिला ते मिळतात. शेजारचे तुकडे दुसऱ्या कशासाठी तरी दिलेले असतात. कोठे एखादी संख्या, कोठे एखादे नाव, तर कोठे संगणकाने यानंतर कोणते काम करावयाचे त्याचा पत्ता. आता पहिल्या कामात मिळालेल्या जागेपेक्षा जास्त लिहिले गेले, तर शाई शेजारच्या तुकड्यात उतरते. गावात कोणी बांध कोरला तर शेजारी ओरड करतो, मोजणीचा अर्ज होतो, भूकरमापक येऊन खुणा गाडतो. संगणकाच्या शिवारात ओरडणारा शेजारीच नाही. शेजारच्या तुकड्यात नेमका पुढच्या कामाचा पत्ता असला आणि लिहिणाऱ्याने विचारपूर्वक दुसराच पत्ता त्या जागी उमटविला, तर संगणक निमूटपणे त्या नव्या पत्त्यावर जातो आणि परक्याच्या आज्ञा पाळू लागतो.

बांध का घातला नाही, याला इतिहास आहे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी १९७०च्या दशकाच्या आरंभी सी ही भाषा घडविली. त्या काळी यंत्रांची स्मृती अतिशय अपुरी आणि महाग होती. प्रत्येक वेळी लिहिण्यापूर्वी ‘ही जागा माझी आहे काय’ असे विचारण्यात वेळ जातो. म्हणून ती जबाबदारी भाषेने घेतली नाही, प्रोग्रॅम लिहिणाऱ्यावर सोपविली. काटकसरीची ती तडजोड त्या काळाला धरून होती. परंतु धोका कोणाला कळलाच नव्हता असे मात्र म्हणता येणार नाही. अमेरिकन हवाई दलासाठी १९७२ मध्ये जेम्स अँडरसन यांनी केलेल्या अहवालात या हल्ल्याची रीत वर्णिलेली आहे. ब्रिटिश संगणकशास्त्रज्ञ टोनी होअर यांनी १९८० मध्ये ट्युरिंग पुरस्कार स्वीकारताना केलेल्या भाषणात एक जुनी हकीकत सांगितली होती. त्यांच्या चमूने १९६०च्या दशकात अल्गॉल भाषेसाठी केलेल्या व्यवस्थेत प्रत्येक वेळी हद्द तपासली जाई. पुढे ग्राहकांना विचारण्यात आले की, वेग वाढविण्यासाठी ही तपासणी बंद करण्याची सोय हवी काय? ग्राहकांनी एकमुखाने नको म्हटले. चुका किती होतात हे ते रोज पाहत होते. एवढा अनुभव गाठीशी असूनही पुढील भाषांनी तो धडा घेतला नाही, हे होअर यांचे दुःख होते.

ते दुःख किती रास्त होते, हे आठच वर्षांत दिसले. २ नोव्हेंबर १९८८ रोजी रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेली एक आज्ञावली आपोआप एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर पसरत गेली. तिचा एक मार्ग असा होता : दूरच्या यंत्राकडून आलेला मजकूर घेण्यासाठी ५१२ अक्षरांची जागा राखलेली होती, मॉरिसने ५३६ अक्षरे पाठविली. वरची २४ अक्षरे बांधापलीकडे गेली आणि तेवढ्याने यंत्र ताब्यात आले. सुमारे ६,००० यंत्रे बाधित झाली अशी त्या वेळची अटकळ होती.

पस्तीस वर्षांनंतरच्या वेबपीमधील चूक एवढी भाबडी नव्हती, आणि म्हणूनच ती अधिक बोधप्रद आहे. चित्र दाबून लहान करण्यासाठी डेव्हिड हफमन यांनी १९५२ मध्ये प्रसिद्ध केलेली एक सुंदर युक्ती वापरली जाते. वारंवार येणाऱ्या चिन्हाला आखूड संकेत आणि क्वचित येणाऱ्याला लांब संकेत द्यावयाचा. तारेच्या कट्ट-कडकट्ट लिपीतही हेच तत्त्व होते. चित्र उलगडताना या संकेतांचा एक तक्ता करावा लागतो, कोणता संकेत आला म्हणजे कोणते चिन्ह समजावे याचा. वेबपीमध्ये असे पाच तक्ते लागतात. प्रत्येक तक्ता जास्तीत जास्त किती मोठा होऊ शकेल, याचे गणित रचनाकारांनी आगाऊ करून ठेवले होते : तीन तक्ते प्रत्येकी ६३० नोंदींचे, एक ४१० नोंदींचा आणि एक, सर्वांत साध्या प्रकारात, ६५४ नोंदींचा. एकूण २,९५४ नोंदी. तेवढी जागा मागून घेतली जाई आणि काम सुरू होई.

गणित बरोबर होते. फक्त ते एका गृहीतावर उभे होते : चित्रासोबत आलेली संकेतांची यादी नियमांना धरून असेल. यादी नियमबाह्य असेल तर तक्ता आगाऊ काढलेल्या मर्यादेपेक्षा मोठा होऊ शकत असे. यादी नियमात आहे की नाही याची तपासणी आज्ञावलीत होती, नाही असे नाही. परंतु ती तक्ता भरून झाल्यावर, शेवटी होत असे. आधी इमारत बांधावयाची आणि मग जागेची मोजणी मागवावयाची, त्यातलाच प्रकार. मोजणीत ‘अतिक्रमण’ असा शेरा पडेपर्यंत भिंत शेजाऱ्याच्या अंगणात उभी राहिलेली असे.

७ सप्टेंबरच्या दुरुस्तीने क्रम उलटा केला. आता आज्ञावली प्रथम काहीही न लिहिता संपूर्ण यादीवरून एकदा फिरते, यादी ग्राह्य आहे काय आणि तक्त्याला किती जागा लागेल हे काढते, जागा अपुरी असेल तर वाढवून घेते, आणि मगच लिहावयास बसते. ही दुरुस्ती वाचणाऱ्या कोणालाही वाटेल की, हे आधीच का सुचले नाही. पण सरकारी अंदाजपत्रके तपासणाऱ्यांना ठाऊक असते की, बरोबर उत्तराखाली दडलेले गृहीत शोधणे हे चुकीचे उत्तर शोधण्यापेक्षा कितीतरी कठीण असते.

शोधण्याचे प्रयत्न झाले नव्हते, असेही नाही. वेबपीची आज्ञावली सर्वांना वाचावयास खुली आहे, आणि यंत्राकरवी वेडीवाकडी चित्रे हजारोंनी तयार करून तिच्यावर सोडण्याची तपासणी वर्षानुवर्षे चालू होती. तरी हा दोष हाती लागला नाही. कारण तो जागा करण्यासाठी पहिले चार तक्ते अगदी नियमात बसणारे, पण आकाराने कमाल मर्यादेचे असावे लागत. पाचवा मात्र नियमबाह्य आणि तोही एका विशिष्ट तऱ्हेने नियमबाह्य. योगायोगाने असे चित्र जुळून येण्याचा संभव नगण्य. ते कोणीतरी बुद्धी खर्चून घडवावे लागते.

ते घडविणारे कोण, याचा माग सिटिझन लॅबच्या कामातून लागतो. वॉशिंग्टन येथील एका नागरी संस्थेच्या कर्मचाऱ्याचा आयफोन तपासत असताना या संस्थेला हेरगिरीची एक साखळी आढळली. आयमेसेज या निरोपसेवेवरून चित्रे असलेली जोडपत्रे पाठवून, फोनधारकाने बोटही न लावता, पेगॅसस ही हेरआज्ञावली आत शिरविली जात होती. पेगॅसस इस्राएलमधील एनएसओ ग्रुप या कंपनीचे उत्पादन होय. ॲपलने ७ सप्टेंबर २०२३ रोजी दुरुस्ती वितरित केली. ॲपलच्या फोनमधील तो दोष आणि क्रोममधील दोष यांचे मूळ एकच, म्हणजे वेबपीचा तक्ता, असा निष्कर्ष पुढे तज्ज्ञांनी काढला. चित्र उलगडणारा तोच सामाईक भाग एज, ऑपेरा यांसारख्या इतर ब्राउझरांत, थंडरबर्ड या टपालप्रणालीत, लिबरऑफिस या कार्यालयीन प्रणालीत आणि इतर पुष्कळ ठिकाणी वापरलेला होता. एकाच पाणवठ्यावर अनेक गावे अवलंबून असावीत तशी ही स्थिती. क्रोमच्या नावाने आलेली बातमी वाचून ‘हे क्रोमवाल्यांचे झाले’ असे समजणाऱ्यांची त्या पंधरवड्यात थोडी दिशाभूलच झाली.

क्रोमच्या बाजूने एक गोष्ट सांगणे न्यायाचे होईल. २००८ मध्ये हा ब्राउझर निघाला तेव्हापासून पाने उलगडण्याचे काम एका बंदिस्त कोठडीत होते. कोठडीतील आज्ञावली फितूर झाली तरी तिला तेथून थेट संगणकाच्या फायलींपर्यंत हात पोहोचविता येत नाही. त्यासाठी दुसरा एखादा दोष शोधावा लागतो. हे संरक्षण खरे आहे, पण संपूर्ण नाही. भिंत पडल्यावर कुंपणाने अडविले, एवढाच त्याचा अर्थ.

बांध ओलांडणे हा या घराण्यातील एक दोष झाला. याचा एक भाऊबंद आहे, आणि ब्राउझरांत तो अधिक आढळतो. धर्मशाळेतील खोली सोडून गेलेल्या प्रवाशाने किल्ली स्वतःजवळच ठेवावी, व्यवस्थापकाने ती खोली दुसऱ्यास द्यावी, आणि पहिल्याने रात्री परत येऊन दार उघडावे, तसा तो प्रकार : परत केलेल्या स्मृतीचा पुन्हा वापर. क्रोमियम प्रकल्पाने २०२० मध्ये आपल्या गंभीर सुरक्षादोषांची छाननी प्रसिद्ध केली. सुमारे ७० टक्के दोष स्मृतीच्या असुरक्षित हाताळणीचे होते, आणि त्यांपैकी निम्मे या परत केलेल्या खोलीचे. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये स्वतःच्या उत्पादनांविषयी सांगितलेला आकडाही सुमारे ७० टक्केच होता. दोन वेगळ्या कंपन्या, वेगळी माणसे, वेगळी उत्पादने, प्रमाण एकच. तेव्हा हा कोणा एका अभियंत्याचा निष्काळजीपणा मानता येणार नाही. उत्तम गवंड्यांच्या भिंतींनाही त्याच जागी तडे जात असतील, तर दोष मालमसाल्याचा मानावा लागतो.

मालमसाला बदलण्याचा प्रयत्न मोझिला संस्थेत सुरू झाला. ग्रेडन होअर यांनी २००६च्या सुमारास स्वतःपुरते सुरू केलेले काम पुढे या संस्थेने पाठीशी घेतले आणि मे २०१५ मध्ये रस्ट या भाषेची पहिली स्थिर आवृत्ती आली. येथील होअर आणि १९८०चे ते भाषण करणारे टोनी होअर यांचा केवळ आडनावापुरता संबंध. स्मृतीचा प्रत्येक तुकडा कोणाच्या मालकीचा आहे, तो दुसऱ्याने किती काळ वापरावयाचा, हे रस्टमध्ये आज्ञावली तयार होत असतानाच तपासले जाते. न पटल्यास ती तयारच होत नाही. जागेच्या हद्दीची तपासणी मात्र काम चालू असताना होते. कोणी ती ओलांडू लागल्यास काम तेथेच थांबते. फायरफॉक्सच्या ४८ व्या आवृत्तीत, २०१६ मध्ये, या भाषेतील पहिला भाग बसविण्यात आला. विशेष असे की, तोही चित्रफितीची माहिती वाचणारा होता, म्हणजे बाहेरून आलेल्या अविश्वासू मजकुराशी गाठ पडणारा. क्रोमियमने जानेवारी २०२३ मध्ये या भाषेला दार उघडले.

जुनी कोट्यवधी ओळींची आज्ञावली एकदम पुन्हा लिहिणे शक्य नाही आणि त्याची फारशी गरजही नसावी, असे अँड्रॉइड प्रणालीच्या अनुभवावरून दिसते. तेथे नवीन लेखन सुरक्षित भाषांत करण्याचे धोरण ठेवण्यात आले. जुने तसेच राहिले. २०१९ मध्ये तेथील सुरक्षादोषांत स्मृतीच्या दोषांचे प्रमाण ७६ टक्के होते, ते २०२४ मध्ये २४ टक्क्यांवर आले. दोष मुख्यतः नव्या लेखनात असतात आणि जुने लेखन तपासले जाऊन काळाबरोबर मुरत जाते, हे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. अमेरिकेच्या अध्यक्षीय कार्यालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये काढलेल्या अहवालात उत्पादकांनी सुरक्षित भाषांकडे वळावे, असे म्हटले आहे. उपदेश वापरणाऱ्याला करण्याऐवजी घडविणाऱ्याला केला गेला, हा बदल लहान वाटला तरी महत्त्वाचा आहे.

महाराष्ट्रातील वाचकाला यात काय, हा प्रश्न साहजिक आहे. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा, ग्रामपंचायतीतील आपले सरकार सेवा केंद्रातून मिळणारे दाखले, शाळेने युडायसवर भरावयाची माहिती, ही सारी कामे ब्राउझरच्या खिडकीतून होतात. त्याच खिडकीतून त्याच यंत्रावर बातम्या वाचल्या जातात आणि शुभेच्छांची चित्रेही पाहिली जातात. खिडकीची चौकट सुस्थितीत आहे की नाही, हा म्हणून कार्यालयाचाच प्रश्न ठरतो. केंद्र सरकारची सर्ट-इन ही यंत्रणा २००४ पासून अशा दोषांचे इशारे प्रसिद्ध करते. ते संगणकशास्त्राच्या इंग्रजीत असतात आणि जिल्ह्याच्या तंत्रज्ञापर्यंत पोहोचले तरी पंचायतीच्या टेबलापर्यंत त्यांचा अर्थ पोहोचणे अवघड जाते. ‘आज सायंकाळी ब्राउझर बंद करून पुन्हा उघडावा’ एवढे एक मराठी वाक्य त्या जागी अधिक उपयोगी पडेल.

यंत्राच्या वयाचा प्रश्न याहून कठीण आहे. विंडोज ७ या प्रणालीला मायक्रोसॉफ्टने दिलेला सर्वसाधारण आधार १४ जानेवारी २०२० रोजी संपला. क्रोमने फेब्रुवारी २०२३ मधील ११० व्या आवृत्तीपासून ती प्रणाली सोडली. वेबपीची दुरुस्ती ११६ व्या आवृत्तीत आली. म्हणजे ती आवृत्ती विंडोज ७च्या यंत्रावर चढविताच येत नव्हती. फायरफॉक्सच्या दीर्घकालीन ११५ व्या शाखेला मात्र तीच दुरुस्ती मिळाली आणि ती शाखा त्या जुन्या प्रणालीवर चालत होती, हे माहीत असलेल्या कार्यालयाला एक पैसाही न खर्चिता मार्ग होता. विंडोज १०चा सर्वसाधारण आधारही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. देणगीत किंवा एखाद्या योजनेतून मिळालेला संगणक चालू आहे तोवर वापरावा, ही ग्रामीण काटकसर चुकीची म्हणवत नाही. पण पंप बिघडला तर पाणी थांबते आणि लगेच कळते, दुरुस्ती न मिळणारा संगणक मात्र पूर्वीसारखाच चालताना दिसतो. अंदाजपत्रकात नव्या यंत्राची तरतूद मागताना ‘जुने बंद पडले’ हे एकच कारण ग्राह्य धरण्याची पद्धत आहे, तेथे ‘जुन्याला दुरुस्ती मिळणे बंद झाले’ हेही कारण ग्राह्य धरावे लागेल.

नवे यंत्र असले तरी एक बारीकशी गोष्ट राहतेच. क्रोम नवी आवृत्ती आपोआप उतरवून घेतो, पण ती लागू होते ब्राउझर बंद करून पुन्हा उघडल्यावर. वरच्या उजव्या कोपऱ्यात तशी खूण उमटते. दोन दिवसांच्या आत हिरवी, सुमारे चार दिवसांनी नारिंगी, आठवड्यानंतर तांबडी. पुन्हा प्रवेश करण्याची कटकट नको, जोडणी गेली तर अर्धा भरलेला अर्ज वाया जाईल, या रास्त भीतीने अनेक कार्यालयांत ती खिडकी दिवसेंदिवस उघडीच ठेवली जाते. ११ सप्टेंबर २०२३ला सोमवार होता. त्या आठवड्यात ज्या यंत्रावरील ब्राउझर एकदाही बंद झाला नव्हता, तेथे दुरुस्त आवृत्ती येऊन पडलेली असली तरी चित्रे उलगडीत होती ती जुनीच.